फोटो छापा, पण कुठून काढला तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपनगरातल्या रस्त्यांची आणि रेल्वे स्थानकाची जुनी-नवी छायाचित्रे आपण वाचकांकडून मागवता आणि जोडीने छापता, याचे स्वागतच आहे. तक्रार एकच. फोटोखाली बहुतेक वेळा ‘स्थानक परिसर, जुने दृश्य’ एवढीच ओळ असते. फोटो कोणत्या फलाटावरून, कोणत्या दिशेला तोंड करून आणि साधारण कोणत्या वर्षी काढला, याचा पत्ता नसतो. असा फोटो पाहून हळहळता येते. पण रस्ता तेव्हा किती रुंद होता, झाडांची रांग कोणत्या बाजूला होती, पादचारी पूल आधी झाला की तिकीटघर, यांपैकी काहीही त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी छापाव्यात अशी आमची मागणी आहे. तारीख (अंदाज असेल तर तो कशावरून), कॅमेरा जिथे होता ती जागा, कॅमेऱ्याची दिशा आणि फोटोत नंतर काही फेरफार केला आहे का.

ही मागणी नवी नाही. १८६०च्या दशकात पॅरिसचे जुने गल्लीबोळ पाडले जाणार होते, तेव्हा छायाचित्रकार शार्ल मारव्हिल यांना ते टिपण्याचे काम दिले गेले. त्यांच्या अनेक छायाचित्रांच्या नावातच रस्त्याच्या जोडीला कॅमेरा कोणत्या रस्त्यावरून रोखला होता तेही दिलेले आहे. त्यामुळे आजही तिथे जाऊन उभे राहता येते. अमेरिकी छायाचित्रकार बेरेनिस अ‍ॅबट यांनी १९३५ ते १९३९ या काळात सरकारी योजनेतून न्यूयॉर्क टिपले, तेव्हा इमारतींची माहिती गोळा करायला वेगळे सहायक होते. लंडनच्या जुन्या वास्तूंसाठी १८७५मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १८८६पर्यंत १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या प्रती कार्बन पद्धतीच्या (न विटणारे रंगद्रव्य वापरलेल्या) होत्या, कारण तेव्हाच्या नेहमीच्या अल्ब्युमिन (अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदाच्या) प्रती पिवळ्या पडून फिकट होत. फोटो टिकला पाहिजे आणि फोटोची माहितीही टिकली पाहिजे, हे दोन्ही तेव्हाच कळलेले होते.

आता फोटो पाठवणाऱ्या वाचकांसाठी थोडे तपशिलात.

‘तेव्हा आणि आता’ची जोडी सर्वाधिक बिघडते ती उभे राहण्याच्या जागेमुळे. लेन्स वेगळी होती म्हणून चित्र जुळत नाही, असे लोक मानतात. खरे तर जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते. लेन्स त्यातला किती भाग चौकटीत येणार एवढेच ठरवते. जागा बरोबर असेल तर फोनने काढलेला रुंद फोटो कापून जुन्या चौकटीशी जुळवता येतो. जागा चुकली तर कितीही महागडी लेन्स आणा, ते जुळणार नाही.

जागा शोधण्याची रीत अशी. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक दूरची अशी दोन उभ्या कडांची जोडी निवडा. उदाहरणार्थ, दिव्याच्या खांबाची कड आणि मागच्या इमारतीच्या खिडकीची कड. जुन्या फोटोत त्या एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर आजही त्या तशा दिसतील अशा रेषेवर कुठेतरी तुम्हाला उभे राहायचे आहे. खांब जुन्या फोटोपेक्षा डावीकडे सरकलेला दिसत असेल तर तुम्ही फार उजवीकडे आलात, डावीकडे सरका. चौकटीच्या दुसऱ्या टोकाला अशीच आणखी एक जोडी घ्या. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. एकच जोडी मिळाली तर मागे-पुढे किती जायचे ते उंचीच्या प्रमाणावरून काढावे. जुन्या प्रतीवर जवळच्या खांबाची आणि दूरच्या इमारतीची उंची पट्टीने मोजा. आजच्या फोटोत खांब इमारतीच्या मानाने जास्त मोठा दिसत असेल तर मागे सरका.

कॅमेऱ्याची उंची विसरू नये. सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांची डोकी जवळ-दूर कुठेही असली तरी साधारण एकाच आडव्या रेषेत दिसत असतील, तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर होता. डोक्यांऐवजी कमरा एका रेषेत येत असतील तर वरून डोकावून पाहायचा, दोन भिंगांचा किंवा पेटीसारखा कॅमेरा असणार. क्षितिज डोक्यांच्या बरेच वर असेल तर फोटो गॅलरीतून किंवा पुलावरून काढलेला आहे, आणि रस्त्यावर उभे राहून तो कधीच जुळणार नाही.

आजच्या बहुतेक फोनची मुख्य लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४ ते २८ मिमी एवढी रुंद असते. पूर्वी सर्रास वापरली जाणारी ५० मिमी लेन्स आडवे सुमारे ४० अंश पाहते; २४ मिमी त्याच्या जवळपास दुप्पट. रुंद लेन्सने सगळे मावावे म्हणून आपण पुढे सरकतो, आणि अरुंद गल्लीसुद्धा ऐसपैस दिसू लागते. ‘रस्ता तर पुरेसा रुंद आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती आपणच पुरावा देतो. गल्लीची खरी रुंदी सांगायची असेल तर मागे जाऊन दुप्पट झूमवर काढावे, आणि चौकटीत माप ठाऊक असलेली एखादी वस्तू येऊ द्यावी.

इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात त्याचे कारण कॅमेरा वर उचलणे. फोन सरळ उभा धरा, पडद्यावरची जाळी सुरू करा आणि खाली येणारा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका. यासाठी किती मागे जावे लागते याचा हिशेब सोपा आहे. १२ मीटर उंच इमारत, डोळ्यांच्या उंचीवर उभा धरलेला २४ मिमीचा फोन: किमान १४-१५ मीटर अंतर हवे. नऊ मीटर रुंदीच्या रस्त्यावर ते मिळत नाही. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून, जमिनीपासून साधारण सहा मीटर उंचीवरून काढले, तर आठ-साडेआठ मीटर पुरतात, म्हणजे तोच रस्ता पुरतो. गॅलरी मिळाली नाही तर तिरका फोटो काढावा. संगणकावर ओढून-ताणून सरळ केलेल्या फोटोत वरचे मजले ताणले जातात आणि मजल्यांच्या उंचीचा अंदाज चुकतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याची एक बाजू दिवसाचा बराच वेळ सावलीत असते. कडक उन्हात दोन्ही बाजू एका चौकटीत नीट येत नाहीत. नोंदीसाठी पातळ ढगांचा दिवस उत्तम. फोटो ‘सपाट’ दिसेल, पण पाट्यांवरची अक्षरे, भिंतीतल्या भेगा, छज्ज्याखालची नक्षी सगळे वाचता येईल. सोनेरी प्रकाश दिनदर्शिकेसाठी राखून ठेवावा. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून सगळे तेव्हाच जातात आणि मग संग्रहात ओस पडलेल्या वस्तीचेच फोटो जमतात. दोन फेऱ्या कराव्यात: एक इमारतींसाठी, एक वर्दळीसाठी. फेरीवाले कुठे बसतात, रांग कुठपर्यंत जाते, गाड्या कशा लावतात हे दुसऱ्या फेरीतच सापडते, आणि काही वर्षांनी लोक तेच आधी शोधतात.

स्थानकाचे काम वेगळे आहे. तिथे एकाच चौकटीत धावणारी गाडी, लुकलुकणारा इंडिकेटर, काळोखे छप्पर आणि बाहेरचे रखरखीत ऊन असते, आणि या चौघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने फलाटात शिरणारी गाडी सेकंदाला १० मीटर सरकते. शटर (म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येऊ देण्याची वेळ) १/५०० सेकंद ठेवले तर तेवढ्यात ती दोन सेंटिमीटर पुढे जाते. डब्यावरची अक्षरे वाचायची असतील तर १/१००० बरे. पण एलईडीच्या पाटीवर सगळे दिवे एकाच वेळी पेटत नाहीत. ते ओळीओळीने इतक्या वेगात पेटतात की डोळ्याला पूर्ण अक्षर दिसते, मात्र १/१०००च्या फोटोत अर्धेच उमटते. पाटीसाठी १/५० किंवा त्याहून संथ शटर लागते. फलाटावरच्या जुन्या ट्यूबलाइटचेही तसेच. ५० हर्ट्झच्या विजेवर तिचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून फार जलद शटरला फोटोत पट्टे उमटतात. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० धरावे. तात्पर्य, गाडी आणि पाटी यांचे फोटो वेगवेगळे काढा; एकातच दोन्ही साधण्याच्या नादात दोन्ही हुकतात.

फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे समोरून आडवी जाणारी गाडी एका बाजूला कललेली दिसते आणि तिच्या सरळ खिडक्या तिरप्या होतात. गाडी तिरकस कोनातून येताना टिपली तर हा दोष बराच कमी होतो. शिवाय फोन आपणहून तीन-चार फोटो एकत्र करून उजेड-अंधार सारखा करतो. थांबलेल्या इमारतीसाठी ते सोयीचे, पण चालत्या गर्दीत त्यामुळे दोन डोक्यांची किंवा बिनपायांची माणसे तयार होतात. स्थानकावर ही सोय बंद ठेवावी. छपराखालचा काळोख आणि बाहेरचा लखलखाट यांचा मेळ हवा असेल तर सूर्यास्तानंतरची दहा-वीस मिनिटे गाठावीत. तेव्हा आकाश आणि फलाटावरचे दिवे जवळपास सारख्याच तेजाचे असतात.

स्थानकाचा एक फायदा मात्र रस्त्याला नाही: तिथे मोजपट्टी अंथरलेलीच असते. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर ठरलेले असते. स्टँडर्ड गेजला १४३५ मिमी, ब्रॉडगेजला १६७६ मिमी, मीटरगेजला १००० मिमी. रूळ चौकटीत आडवे मोजता येतील असा फोटो काढला तर त्यावरून फलाटाची उंची, छपराचे खांब, पुलाची कमान यांची मापे काढता येतात. अट एवढीच की मोजायची वस्तू रुळाच्या ज्या जागेवर माप घेतले तिथून कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर हवी. मागची-पुढची वस्तू त्या मापाने मोजली की घोटाळा झालाच.

काय काढावे? स्थानकाच्या नावाची पाटी सगळेच काढतात. तिकीट खिडकी, पादचारी पुलाचे जिने, बाके, पाण्याचे नळ, घड्याळ, सिग्नल केबिन, फाटक, कुंपणातली लोकांनी पाडलेली वाट हे कोणी काढत नाही, आणि नूतनीकरणात आधी तेच जाते. छपराचे खांब जुने ओतीव लोखंडी असतील तर पायथ्याशी वाका: ओतशाळेचे नाव आणि कधीकधी वर्ष तिथे ओतलेले असते. रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजली असतील तर टॉर्चचा उजेड खांबाला घासून जाईल अशा तिरक्या कोनातून धरा. उंचवट्यांच्या सावल्या पडून अक्षरे वाचता येतात. ते वर्ष खांबाचे आहे, स्थानकाचे नव्हे, हे मात्र फोटोओळीत स्पष्ट लिहा. खांब एकीकडून काढून दुसरीकडे बसवलेले असू शकतात.

धोक्याचे दोन शब्द. विद्युतीकरण झालेल्या अनेक मार्गांवर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट दाब असतो. एवढ्या दाबाची वीज स्पर्श न होताही झेप घेते. पुलावरून किंवा फलाटावरून सेल्फी-काठी वर करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. फलाटाच्या कडेच्या पट्टीच्या आत राहावे, येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारू नये, रुळांत उतरू नये. ट्रायपॉडला आणि पुष्कळदा कॅमेऱ्यालाही परवानगी लागते. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून स्थानक अधीक्षकांना आधी विचारलेले बरे.

रात्रीच्या फोटोंबद्दल एक जाता जाता. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड सुमारे २००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा), नव्या एलईडीचा बहुधा ४००० किंवा त्याहून पांढरा. रस्त्याच्या रात्रीचा रंगच बदलत चालला आहे आणि फोन स्वतःहून दोन्हींना सारखेच पांढरे करून टाकतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सोय) ‘दिवसाच्या उजेडा’वर पक्का करून काढले तरच हा बदल फोटोत उरेल.

आता घराघरातल्या जुन्या प्रतींकडे येऊ. चार बाय सहा इंचांची प्रत ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केली की २४०० बाय ३६०० बिंदू मिळतात, आणि वर्तमानपत्रासाठी ते पुरेसे आहे. ३५ मिमी निगेटिव्ह असेल तर प्रतीऐवजी तीच ४००० डीपीआयवर स्कॅन करा; प्रत काढताना कडेचा जो भाग कापला गेला तो निगेटिव्हवर असतो आणि नेमकी दुकानाची पाटी कित्येकदा तिथेच असते. निगेटिव्हची चमकदार बाजू आपल्याकडे ठेवून पाहिल्यास चित्र सुलट असते. उलटे स्कॅन झालेले स्थानक आम्ही छापून आलेले पाहिले आहे. पाट्या अस्पष्ट असल्या तर गाडीचे स्टिअरिंग आणि सदऱ्याची बटणे तपासावीत. स्कॅनरची धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेड सोय कृष्णधवल निगेटिव्हला लावू नये. चांदीचे कण ते किरण अडवतात, आणि यंत्र त्यांनाच धूळ समजून चित्र खरवडते. प्रतीची मागची बाजूही स्कॅन करा. शिक्का, स्टुडिओचे नाव, पेन्सिलीने लिहिलेला महिना तिथेच असतो. चिकट पानांच्या अल्बममधून प्रत ओढून काढू नका. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

तारीख ठाऊक नसेल तरी हातपाय गाळू नयेत. फोटोतली सर्वांत नवी वस्तू सांगते की फोटो त्याआधीचा नाही. पुढे नाहीशी झालेली वस्तू सांगते की फोटो त्यानंतरचा नाही. विजेच्या तारांचे खांब, पादचारी पूल, वाहनांच्या क्रमांकाची पद्धत, छपरावरचे अँटेना, सिनेमाची पोस्टरे यांतून दोन्ही टोके जवळ आणता येतात. प्रतीचा कागद प्लास्टिकचा थर असलेला असेल तर ती प्रत साधारण १९७०च्या आधीची नाही. निगेटिव्ह जुनी असू शकते, हे ध्यानात ठेवून. ऊन असेल तर सावलीही बोलते: खांबाची सावली खांबाइतकीच लांब म्हणजे सूर्य ४५ अंशांवर. रस्त्याची दिशा नकाशावरून मिळते, स्थानकाच्या घड्याळात वेळ दिसत असेल तर वर्षातल्या दोनच तारखांच्या आसपास येता येते, कारण सूर्य जाताना आणि परतताना तीच उंची दोनदा गाठतो. दोहोंतली कोणती, ते झाडांच्या पानांवरून ठरवावे. फोटोओळीत ‘१९६८ ते १९७२, पुलाच्या कामावरून’ असे लिहिले तर चूक दुसऱ्या कोणाला दाखवता येते. नुसते ‘१९७०’ लिहिले तर ती चूक पुढे पुस्तकांत जाऊन बसते.

फेरफाराचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर आमचे मत कडक आहे. जुने फोटो एआयने ‘स्पष्ट’ करून पाठवण्याची लाट आली आहे. धूसर पाटीवर काय लिहिले होते हे त्या प्रणालीला ठाऊक नसते. ती अक्षरासारखे दिसणारे काहीतरी रंगवते. चेहरे, खिडक्यांची संख्या, रेलिंगची नक्षी सगळे असेच रचलेले. कृष्णधवल फोटोला चढवलेले रंग हाही अंदाजच: डब्याचा मूळ रंग राखाडी छटेवरून परत मिळत नाही. अशा आवृत्त्या छापूच नयेत, आणि छापायच्याच तर ‘यंत्राने बदललेले’ असे ठळक लिहून, शेजारी मूळ प्रत ठेवून. लालसर पडलेल्या जुन्या रंगीत प्रतीचा रंग सुधारणे वेगळे. तिथे निळसर रंगद्रव्य विरलेले असते आणि जे शिल्लक आहे त्याचाच तोल सावरला जातो. तरीही सुधारले आहे हे लिहावे.

पाठवताना फोटो वॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. त्यात चित्र दाबले जाते आणि फाइलमधली तारीख, वेळ, ठिकाण निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मूळ फाइल पाठवावी. फाइलमधल्या ठिकाणावरही डोळे मिटून भरवसा नको: मोकळ्या आकाशाखाली ते साधारण पाच मीटरांपर्यंत बरोबर असते, उंच इमारतींमध्ये शेजारच्या गल्लीत जाते. फोनचे होकायंत्र तर रूळ आणि लोखंडी छपरांजवळ हमखास भरकटते, म्हणून दिशा नकाशावर पाहून हाताने लिहावी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा असे लिहिले की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मूळ फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. लहान मुलांचे ओळखू येणारे चेहरे, घरांच्या उघड्या खिडक्यांतले दृश्य आणि आजच्या वाहनांचे क्रमांक छापील आवृत्तीत झाकावेत; मूळ फाइलला हात लावू नये.

आपल्या कार्यालयाकडे दोन विनंत्या उरतात. फोटो मागवण्याच्या चौकटीत वर सांगितलेले चार रकाने छापा आणि ते रिकामे असतील तर पाठवणाऱ्याला एकदा विचारा. दुसरे, वाचकांनी जागा किंवा वर्ष दुरुस्त करून कळवले तर ती दुरुस्ती पुढच्या अंकात तर छापाच, शिवाय आपल्या संग्रहातल्या मूळ फाइलच्या नोंदीतही करा. आज दुरुस्ती एका अंकात येते आणि चुकीची फोटोओळ संग्रहात तशीच राहते. वर्षभराने तोच फोटो त्याच ओळीसकट पुन्हा छापला जातो.

आपले,
जुन्या छायाचित्रांची नोंद ठेवणारे काही वाचक